नौपाड्यातला फ्रेमवाला, माझं गेर्निका आणि वरून टाकलेली चादर

ज्यांना नुसतं फ्रेमचं दुकान हवंय त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगून टाकतो. नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली दहा बाय आठचं दुकान आहे, बोर्डावर फक्त ‘फोटो फ्रेम’ एवढंच वाचता येतं, वरचं नाव ऊन-पावसाने उडालंय आणि काकांनी ते परत रंगवून घेतलेलं नाही, त्यामुळे मी पण नाव लिहीत नाही, गल्लीत जाऊन फ्रेमवाले काका विचारा, कोपऱ्यावरचा चहावाला बोट दाखवतो. गाडी घेऊन जाऊ नका. मी एकदा नेली आणि शेवटी तलावपाळीला कुठेतरी लावून काचेची फ्रेम काखेत धरून चालत आलो, ती पण संध्याकाळच्या गर्दीत. दोन फ्रेम केल्या, मोठी तीन फुटांची ३,४०० ला आणि छोटी ६५० ला, पाच दिवस सांगितले आणि अकरा लावले. पाचपैकी चार देतोय, एक का कापला ते पुढे येईलच.

आता बाकीचं, आणि ते लांबणार आहे कारण फ्रेम साधी नव्हती.

मला स्पॅनिश चित्रकार पिकासोचं युद्धावरचं चित्र ‘गेर्निका’ हॉलमध्ये लावायचं होतं. कधीपासून डोक्यात होतं. मागच्या वर्षी पोस्टर विकणाऱ्या एका साइटवरून मागवलं, ३६ बाय २४ इंच, रिव्ह्यू चांगले, पॅकिंग चांगलं, उघडलं तर काहीतरी चुकलंय असं वाटलं पण काय ते पाच मिनिटं कळेचना. मग कळलं, आईच नाहीये! मूळ चित्र ३४९.३ सेंटिमीटर उंच आणि ७७६.६ लांब, म्हणजे अंदाजे साडेअकरा फूट बाय साडेपंचवीस फूट, उंचीच्या दुपटीहून जास्त लांबी, आणि या लोकांनी ते त्यांच्या स्टँडर्ड साइजमध्ये बसवायला दोन्ही बाजूंनी कापलं. डावीकडे मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन वर तोंड करून ओरडणारी बाई असते ती गेली, उजवीकडे आगीत हात वर केलेली बाई असते ती गेली, बैल अर्धा. उरला घोडा आणि बल्ब. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सर, साइजप्रमाणे थोडं ॲडजस्ट होतं. म्हटलं बाई, तुम्ही लढाईच्या चित्रातून रडणारी माणसं ॲडजस्ट केलीत. पैसे परत दिले, वाद घातला नाही, तेवढं चांगलं.

मग माझा भाचा कंपनीच्या कामाने माद्रिदला गेला, त्याला सांगितलं की रेइना सोफिया म्युझियममध्ये मूळ चित्र आहे, तिथल्या दुकानातून पोस्टर आण, अख्खं आण, कडा बघून घे. त्याने आणलं, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात. आणि एक गोष्ट सांगितली जी मला माहीत होती पण त्याच्या तोंडून ऐकताना मजा आली, की मामा हे चित्र आधी स्पेनमध्ये नव्हतंच म्हणे. नव्हतंच. १९३७ ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्पेन सरकारच्या मंडपासाठी काढलं, १९३९ ला तिकडच्या यादवी युद्धात जनरल फ्रँको जिंकला, आणि चित्र न्यूयॉर्कला जे गेलं ते १९८१ पर्यंत तिकडेच, कारण पिकासोने अटच घातली होती की लोकशाही आल्याशिवाय ते स्पेनला जाणार नाही. पिकासो १९७३ ला गेला, फ्रँको १९७५ ला, दोघांनीही ते स्पेनला आलेलं बघितलं नाही. चित्र रुसून बसलं म्हणा ना, चाळीसेक वर्षं, हुकूमशहा मेला तरी लगेच नाही आलं. चित्राने काय होतं असं कोणी विचारलं की मी आधी हे सांगतो. बॉम्ब थांबला नाही, बरोबर आहे, पण एका सरकारला स्वतःच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या चित्रकाराचं सगळ्यात मोठं चित्र स्वतःच्या भिंतीवर लावता आलं नाही.

तर ते नळकांडं घेऊन मी काकांच्या दुकानात. दुकानात भिंतीवर काय काय ते सांगायला पाहिजे. महाराजांचा राज्याभिषेक, स्वामी समर्थ, बालाजी, दिघेसाहेब, एक गीतोपदेशाचा रथ, आणि सात धावते घोडे. सात घोडे तर चार वेगवेगळ्या साइजमध्ये, एकाखाली एक. मी विचारलं हे एवढे का, तर काका म्हणाले, अहो वास्तूसाठी, नवीन फ्लॅट घेतला की पहिली खरेदी हीच, घोडबंदरला एवढे टॉवर झालेत, सगळ्यात जास्त हेच जातात. तोंड घराच्या आत पाहिजे, लगाम नको, आणि पडलेला घोडा चालत नाही. मी तेव्हाच पोस्टर उलगडत होतो.

काकांनी बघितलं. चित्राच्या मधोमध अख्खा घोडा, गुडघे मोडलेला, बरगडीत भाला, जीभ सुरीसारखी बाहेर. काही बोलले नाहीत, चष्मा वर केला, परत खाली केला. मग धंद्याचं बोलले. “साहेब, प्रिंटरमधला कलर संपला होता का?”

म्हटलं नाही, मूळच असं आहे, काळं, पांढरं, राखाडी. त्यांनी सवयीने सोनेरी पट्टी काढली होती, नक्षीवाली, ती ठेवून दिली आणि म्हणाले काळ्या चित्राला काळी पट्टी लावली तर मयताचा फोटो वाटेल. म्हटलं तसाच आहे तो काका. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि कुठलं आहे हे, असं विचारलं.

मग मी सांगितलं, जमेल तसं. गेर्निका म्हणजे स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचं छोटं गाव, २६ एप्रिल १९३७, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. स्पेनमध्ये आपसातलं युद्ध चालू, फ्रँकोच्या बाजूने हिटलरची आणि मुसोलिनीची विमानं, त्यांनी दुपारी येऊन काही तास बॉम्ब टाकले, आधी घरं फोडणारे आणि मग आग लावणारे. आणि नंतर फ्रँकोच्या माणसांनी सांगितलं की आम्ही नाहीच, बास्क लोकांनीच स्वतःचं गाव जाळलं. हे कितीतरी वर्षं सांगत राहिले. पिकासो पॅरिसला होता, त्याला हे कळलं ते पेपरमधून, फोटोतून, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातूनच. घोड्याच्या अंगावर बघा, बारीक बारीक रेघा आहेत, छापील ओळींसारख्या. काकांनी भिंग काढलं. फ्रेमवाल्याकडे भिंग असतं हे मला माहीत नव्हतं.

इथे मला एक आवडतं ते लिहितोच. मे १९३७ च्या १ तारखेला त्याने पहिली रेखाटनं केली आणि जूनच्या सुरुवातीला एवढं मोठं चित्र संपवलं, आणि त्या महिनाभरात डोरा मार नावाची त्याची साथीदार टप्प्याटप्प्याने फोटो काढत होती, त्यामुळे आपल्याला आज दिसतं की आधी काय होतं आणि त्याने काय काढून टाकलं. आधी त्यात एक हात होता, वर केलेला, मूठ वळलेली. आपल्या मोर्चाच्या पोस्टरवर असते तीच मूठ. ती त्याने पुसली. रंगीत कागदाचे तुकडे पण चिकटवून बघितले, ते पण काढले. मी स्वतः कॉलेजात असताना ठाण्यात बरीच पोस्टरं रंगवलीत, प्रत्येकावर मूठ, लाल, आणि खाली घोषणा, आणि त्यातलं एक पण आज मला धड आठवत नाही. हा माणूस एका बाजूच्या सरकारसाठी काम करत होता, मूठ ठेवली असती तर त्यांना आवडलंच असतं. काढली म्हणून ते चित्र त्या एका युद्धात अडकून पडलं नाही. अर्थात याचा तोटा पण आहे, कोणी केलं ते चित्रात कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे मग ते मगवर पण छापता येतं, उशीच्या अभ्र्यावर पण येतं, मी बघितलाय असा अभ्रा.

असो. फ्रेम. काकांना पोस्टर हार्डबोर्डवर डिंकाने सपाट चिकटवून टाकायचं होतं, म्हणजे लाट येत नाही. मी नको म्हटलं. ठाण्याची हवा, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे कागद फुगणार, पूर्ण चिकटवला की सुरकुतणार नाहीतर फाटणार, शिवाय उद्या काढायचा म्हटलं तर निघणार नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपने टांगायचा, खाली मोकळा, मग तो हवेप्रमाणे आपला खाली-वर होतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना राग आला नाही, मला ही गोष्ट फार आवडली, म्हणाले बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाला लाट दिसली की तो माझ्या अंगावर येतो. मी येणार नाही असं कबूल केलं. माउंट दोन इंची, ऑफव्हाइट, पण ॲसिड-फ्री मागा, साधा माउंट दोन-तीन वर्षांत आतल्या कडेने पिवळा पडतो, ते मुंबईहून मागवतात आणि त्याचे चारशे जास्त. पाठीमागे पातळ एमडीएफ आणि चारी बाजूंनी ब्राउन टेप, कसर लागू नये म्हणून. हे सगळं करून घ्या, न विचारता करत नाहीत.

काच मात्र माझी चूक. मी हौसेने नॉन-ग्लेअर काच घेतली कारण समोर ट्यूबलाइट आहे. ट्यूब दिसत नाही हे खरं, पण त्या काचेने काळं थोडं दुधाळ होतं, आणि माउंटमुळे काच कागदापासून लांब राहते तर आणखीच. सगळा खेळ काळ्याचा असलेल्या चित्राला ही काच नको होती. काकांनी सुचवलं होतं साधी घ्या. मी ऐकलं नाही. तो स्टार मी माझा कापायला पाहिजे खरं तर.

त्यांचा जो कापला तो कोपऱ्यासाठी. खाली उजव्या कोपऱ्यात पट्टीचा जोड अर्धा मिलिमीटर उघडा होता आणि काचेच्या आत, बरोबर बैलाच्या डोळ्याशेजारी, एक धुळीचा कण. परत नेली. तक्रार न करता खोलली, पुसली, जोडात काळं मेण भरून दिलं. पण आधीच बघून द्यायला काय झालं होतं.

आणि उशीर. पाचव्या दिवशी गेलो, झाली नव्हती. आठव्या दिवशी गेलो, नव्हती. जरा चढ्या आवाजात बोललो. काका म्हणाले, साहेब या आठवड्यात चार झाले. मला कळेना चार काय. मग समजलं. रात्री नऊ-साडेनऊला फोन येतो, सकाळी सातपर्यंत फोटो मोठा करून फ्रेम पाहिजे, मोबाइलमधला फोटो पाठवतात, कुठल्यातरी लग्नातला, शेजारच्याचा हात खांद्यावर असलेला, तो हात पुसायचा, मागे हिरवं किंवा निळं करायचं, आणि काचेवर हार लावायला वर दोन खिळे. “मयताच्या फोटोला नंबर लावायचा नसतो,” म्हणाले. मी गप्प खाली बसलो. त्यांचा पोरगा तेव्हा असाच एक फोटो बसवत होता, चाळिशीतली बाई, हसरी. खांद्यावरचा हात नीट पुसला गेला नव्हता, चार बोटं राहिली होती.

त्याच दिवशी मी त्यांना दुसरं काम दिलं, छोटी फ्रेम. कॅथे कोल्विट्झ नावाच्या जर्मन चित्रकार बाईचं १९२४ चं पोस्टर, एक तरुण, एक हात वर करून दोन बोटं उंचावून ओरडतोय आणि मागे मोठ्या अक्षरात लिहिलंय, पुन्हा युद्ध नको. लाइपझिगला तरुणांचा मेळावा होता त्यासाठी केलेलं. बाई १९४५ ला गेल्या, कॉपीराइटची कटकट उरली नाही, मी स्कॅन उतरवून इथेच डिजिटलवाल्याकडे चांगल्या कागदावर छापून घेतलं. पोरग्याने बघून विचारलं, हा शपथ घेतोय का? होय रे बाबा, शपथच घेतोय, तिकडे शपथ तशीच घेतात. त्याला ते मोठ्या चित्रापेक्षा आवडलं. मला पण, खरं सांगायचं तर.

कारण त्या बाईची गोष्ट. तिचा धाकटा पोरगा पेटर, अठरा वर्षांचा, १९१४ ला त्याला युद्धावर जायचं होतं, वय कमी म्हणून बापाची परवानगी लागत होती, बाप नाही म्हणत होता, आणि आईने पोराची बाजू घेऊन बापाला तयार केलं. पोरगा ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मेला. पुढे ती त्याच्या स्मारकावर १९३२ पर्यंत काम करत होती, अधूनमधून मोडत, परत सुरू करत, आणि शेवटी जे झालं त्यात पोरगा नाहीच, नुसते आई-बाप गुडघ्यावर बसलेले, वेगवेगळ्या दगडात, एकमेकांकडे न बघता. आणि मग तिच्या नातवाचं नाव पण पेटर, तो १९४२ ला रशियाच्या आघाडीवर मेला. तिने युद्धाविरुद्ध जे काढलं ते बाहेरून बघून नाही काढलं, सही आपण मिळवून दिली होती हे माहीत असलेल्या बाईने काढलं. पिकासोकडे राग आहे. हिच्याकडे राग कोणावर काढायचा हा पण प्रश्न आहे.

आपल्याकडे ही बाजू फार कमी आहे असं मला वाटतं. पोवाडा आहे, भरपूर आहे, आणि रक्त सळसळतं ते खोटं नाही, अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा वाचून आजही अंगावर काटा येतो, तो फॅसिझमविरुद्धच होता, पण लढण्याच्याच बाजूचा होता. गेर्निकाचं पण गंमत बघा, १९३९ ला लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते लावलं तेव्हा प्रवेशफी म्हणून बूट घेत होते, स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांना पाठवायला, आणि ते बूट चित्राखाली ओळीने मांडले होते. युद्धविरोधी चित्राखाली युद्धावर निघालेले बूट. मी ही गोष्ट काकांना सांगितली तर ते म्हणाले मग बरोबरच आहे की, अनवाणी कसे लढतील. आणि महाभारतात बघा, आपल्या घराघरात गीतोपदेशाची फ्रेम असते, कुरुक्षेत्राच्या मधोमधचा रथ, घोडे पांढरेशुभ्र, चिखल नाही, एक प्रेत नाही. त्याच महाभारतात पुढे स्त्रीपर्व आहे, गांधारी रणांगणावर एकेका पोराचं शव बघत फिरते, कृष्णाला शाप देते. त्याची फ्रेम मी अजून कुठल्या दुकानात बघितली नाही. काकांना विचारलं, हसले, म्हणाले घेणार कोण.

फ्रेम घरी आली. आमचा हॉल पंधरा फूट, मूळ चित्र आणलं तर दहा फूट शेजारच्यांच्या घरात जाईल, तेव्हा तीन फुटांवर समाधान. ड्रिल करून लावली, सोफ्याच्या वर. बायको म्हणाली चांगलं आहे पण सोफ्याच्या वर का, पाहुणे बसले की त्यांच्या डोक्यावर तो घोडा किंचाळतोय. मुलीने खाली मेलेल्या सैनिकाच्या हातातल्या तुटक्या तलवारीजवळचं छोटं फूल शोधून काढलं, मला ते दाखवायचंच होतं, तिने आधीच बघितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाबा फौजेत ड्रायव्हर होते, १९७१ ला पश्चिम सीमेवर, दारूगोळ्याची गाडी चालवायचे, रिटायर झाल्यावर वागळे इस्टेटला एका कंपनीत गाडी चालवली, साताऱ्याची भाषा अजून सुटलेली नाही आणि युद्धाबद्दल आम्हाला कधी काही सांगितलेलं नाही, विचारलं की थंडी लय होती एवढंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता चित्राकडे बघून म्हणाले, “विमान कुठाय यात?”

मी बघितलं. इतकी वर्षं बघतोय आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. विमान नाही. बॉम्ब नाही. बॉम्ब टाकणारा कोणी नाही. वर एक बल्ब आहे, भाचा सांगत होता की स्पॅनिशमध्ये बॉम्बला बोम्बा म्हणतात आणि बल्बला बोम्बिया, त्यामुळे तोच बॉम्ब असं काही लोक म्हणतात. ते मी बाबांना सांगितलं, त्यांना ते काही पटलं नाही. म्हणाले, “न्हाईच दिसत खालच्याला. आवाज येतोय निस्ता. मग माणूस गाडीखाली जातंय.” आणि चहा संपवला.

थोड्या वेळाने मी सांगितलं की बाजाराचा दिवस होता, सोमवार. तेव्हा ते उठून जवळ जाऊन बघायला लागले. आमच्या गावचा बाजार पण सोमवारचा. म्हणाले, “मग जनावरं बी आली असत्याल.” मोठमोठ्या लोकांनी त्या बैलावर आणि घोड्यावर पुस्तकं लिहिलीत, बैल म्हणजे काय आणि घोडा म्हणजे कोण, पिकासो स्वतः एकदा म्हणाला बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार, नंतर म्हणाला बैल म्हणजे बैल. आमच्या बाबांनी बाजाराला आणून उभा केला. विकायला आणलेला बैल. तेव्हापासून मला तो तसाच दिसतो, दावं धरणारा कुठे गेला ते शोधतो मी.

आता चादर. महिन्याभराने घरी सत्यनारायण होता. आत्या येणार, गुरुजी येणार, आणि मेव्हणी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर. मोबाइल स्टँडवर लावला तर पूजेच्या बरोबर मागे हे चित्र येत होतं. बायको म्हणाली बॅकग्राउंडला ते नको, अपशकुन वगैरे नाही पण कॅमेऱ्यात बरं दिसत नाही, आणि फिकट निळी चादर आणून वरून सोडली. मी हसायला लागलो तर तिला राग आला. मग मला सांगावं लागलं की अगं हे आधी झालंय, थेट युनोत. गेर्निकाचं एक भलंमोठं विणलेलं कापड आहे, रॉकफेलर नावाच्या अमेरिकन धनाढ्याने १९५५ ला विणून घेतलं, मूळासारखं काळं-पांढरं नाही, तपकिरी छटांचं, ते १९८५ पासून न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर लावलेलं. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल तिथे आले, इराककडे भयंकर शस्त्रं आहेत आणि युद्ध का करायला पाहिजे ते जगाला सांगायला, आणि त्या वेळी त्या कापडावर निळा पडदा टाकला. कारण काय सांगितलं, तर टीव्ही कॅमेऱ्यांना मागे साधं बॅकग्राउंड बरं पडतं. शब्दशः तुझंच कारण. ती शस्त्रं नंतर सापडली नाहीत ते सोडा, पण बॉम्ब टाकायच्या गोष्टी करताना मागे गेर्निका नको एवढी अक्कल कोणालातरी होती म्हणजे विणलेल्या कापडाची पण भीती वाटते. बायको म्हणाली, तुझं लेक्चर झालं असेल तर केळीचे खांब बांध.

पूजा झाली, कथा झाली, मेव्हणीने तिकडून हात जोडले. आत्या प्रसाद घेऊन सोफ्यावर टेकली आणि म्हणाली हे काय झाकलंय. कोणी उत्तर द्यायच्या आत तिने चादरीचा कोपरा वर केला, डावीकडचा, जिकडे ती बाई लेकरू घेऊन आहे. बघितलं, सोडलं. शिरा खाल्ला. जाताना परत वर केला. माझ्या आत्याचा एक मुलगा लहानपणीच गेलाय, ती त्याच्याबद्दल कधी बोलत नाही, आणि तेव्हाही काही बोलली नाही, नुसतं “हिचं तोंड बघ कसं केलंय” एवढं म्हणाली आणि चपला शोधायला लागली. त्या साइटवाल्यांनी नेमकी हीच कापली होती.

चादर मग तीन दिवस तशीच राहिली, कोणी काढली नाही, आळस. मीच काढली.

पुढचं काम काकांना देणार आहे ते चित्तप्रसादचं, नीट परवानगीने छापलेलं मिळालं की. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हा माणूस पायी फिरून माणसं रेखाटत होता, जे दुसऱ्या महायुद्धाच्याच पोटातलं मरण होतं, एक गोळी न झाडता लाखो लोक गेले, आणि त्याची ती ‘हंग्री बेंगॉल’ नावाची पुस्तिका इंग्रजांनी जप्त करून जाळली, तेव्हा परत तेच, घाबरतात म्हणजे काहीतरी आहे. पुढे तो मुंबईतच राहिला, अंधेरीला. आपल्या लोकलच्या अंतरावर. त्याच्या चित्रांना सोनेरी पट्टी काढू नका एवढं काकांना आधीच सांगून ठेवलंय.

बाकी जाणाऱ्यांसाठी: जीपे चालतं, पावती मागितली तर कागदावर लिहून देतात, वारंवार फोन केला तर चिडतात. मोठ्या फ्रेमला मागे एकच कडी लावतात, दोन मागून घ्या, एकावर माझी डावीकडे कलायची आणि मला रोज येता-जाता सरळ करावी लागायची. पोरग्याला वर कुठलं नि खाली कुठलं हे कळेना म्हणून त्याने पाठीमागे पेन्सिलीने बाण काढून ‘वर’ लिहून ठेवलंय, ते पुसू नका असं मीच त्याला सांगितलं. सकाळी अकरा ते रात्री नऊ. सोमवारी बंद.